वणांसाठी फ्रॅक्शनल लेझर: गोव्याच्या उन्हात राहून ते नीट कसं करून घ्यावं

एका रविवारी फोंड्याच्या आमच्या घरी सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, आम्ही तिघं बसलो होतो. धाकट्या भावाच्या पोटरीवर मोटारसायकलच्या सायलेन्सरने भाजल्याचा रुपयाएवढा चकचकीत वण आहे. शेजारच्या काकींच्या मनगटावर काजू भाजताना उडालेल्या तेलाचे काळे शिंतोडे. आणि माझ्या दोन्ही गालांवर कॉलेजच्या दिवसांतल्या मुरमांचे खड्डे. काकींनी विचारलं, "बाय, तू गालाला करून घेतलंस ते लेझर माझ्या हाताला चालेल काय गे?" लगेच भाऊ म्हणाला, "आणि माझ्या पायाला?"

तिघांसाठी उत्तर वेगवेगळं होतं. काकींना लेझरची गरजच नव्हती. भावाला करता आलं असतं, पण खर्चाच्या मानाने फरक थोडा दिसला असता. मला फायदा झाला, पण तो दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला नुकसान झालं होतं आणि ते टाळता आलं असतं, म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. एक बिघडलेलं सत्र आणि त्यानंतर दोन पावसाळ्यांत मिळून चार नीट झालेली सत्रं एवढा माझा अनुभव. मधल्या काळात जे वाचलं आणि डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, ते क्रमाने मांडते.

हे लेझर नेमकं करतं काय

तव्यावर घावन टाकलं की त्याला जाळी पडते. बारीक भोकं, आणि भोकांच्या मध्ये अखंड पीठ. फ्रॅक्शनल लेझर त्वचेला तशीच जाळी पाडतं. किरणांचा एक झोत शेकडो बारीक ठिपक्यांत वाटला जातो आणि प्रत्येक ठिपका त्वचेत साधारण केसाच्या जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, उभा खांब जाळतो. दोन खांबांमधली त्वचा शाबूत राहते. ही शाबूत त्वचाच बाजूच्या जखमा भरून काढते, म्हणून चेहरा काही दिवसांत सावरतो. आत मात्र दुरुस्ती महिनोन् महिने चालू राहते. जुना, आखडलेला कोलॅजन, म्हणजे कातडीला आधार देणारे प्रथिनाचे धागे, मोडतो आणि त्या जागी नवा तयार होतो.

याआधीच्या पद्धतीत कार्बन डायऑक्साइड लेझरने चेहऱ्याचा वरचा थर सगळाच्या सगळा काढत. परिणाम जोरदार दिसे, पण दोन-दोन आठवडे चेहरा पाझरत राही आणि सावळ्या त्वचेवर काळे किंवा पांढरे डाग पडण्याची भीती मोठी असे. २००४ साली अमेरिकेत बॉस्टनच्या डिटर मॅनस्टाइन, रॉक्स अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेचा काही अंशच जाळायची कल्पना मांडली. 'फ्रॅक्शनल' हे नाव त्यावरूनच आलं.

यंत्रं मुख्यतः दोन जातींची. पहिली जात त्वचेत खरोखर भोक पाडते. त्यात कार्बन डायऑक्साइड लेझर (किरणांची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर) आणि अर्बियम याग (२,९४० नॅनोमीटर) येतात. ती खोल वणांवर जास्त चालतात आणि सावरायलाही जास्त दिवस लागतात. दुसरी जात वरचा पापुद्रा न फोडता आतला भाग तापवते. त्यात १,५४० किंवा १,५५० नॅनोमीटरचं अर्बियम ग्लास आणि १,९२७ नॅनोमीटरचं थुलियम येतं. तिथे त्रास कमी, सत्रं जास्त. जाहिरातीत नुसतं 'लेझर' लिहिलेलं असतं, तेव्हा यातलं कोणतं हे विचारून घ्यायचं.

पहिली पायरी: आपल्याकडे आहे तो वण की नुसता डाग?

लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथे. म्हणून यावर जरा वेळ घालवते.

बोटाची पेरं त्या जागेवरून हलकेच फिरवा. खड्डा, उंचवटा किंवा कडकपणा काहीच लागला नाही आणि फक्त रंग वेगळा असेल, तर तो डाग आहे. काकींचं तसंच होतं. काजूच्या टरफलातलं तेल आणि बिब्ब्याचा रस एकाच कुळातले. बिब्बा उततो तसंच काजूचं तेल उततं: आग, पाणी भरलेले फोड, आणि मग काळे शिंतोडे. कातडी खोलवर जळलेली नसेल, तर हा काळेपणा ऊन टाळून आणि सनस्क्रीन लावून काही महिन्यांत ओसरतो. त्यावर लेझर मारणं म्हणजे निवत आलेल्या जागेला पुन्हा चटका देणं. काकींनी मनगटावर सनस्क्रीन आणि काजू भाजताना पूर्ण बाह्यांचा सदरा एवढंच केलं.

बोटाला खड्डे लागत असतील तर आरसा घेऊन खिडकीशी असे उभे राहा, की उजेड बाजूने येईल. मग दोन बोटांनी गाल ताणून पाहा. ताणल्यावर खड्डा सपाट होत असेल, तर तो लाटेसारखा उथळ वण. त्याची कातडी खालच्या धाग्यांनी आत ओढून धरलेली असते. लेझरने थोडा फरक पडतो, पण आधी सुईने ते धागे सोडवावे लागतात. त्याला सबसिजन म्हणतात. कडा सरळ आणि तळ सपाट असलेला, कांजिण्यांच्या खुणेसारखा खड्डा फ्रॅक्शनल लेझरला सर्वांत चांगली साथ देतो. तिसरा प्रकार टाचणी टोचल्यासारखा, तोंड बारीक आणि तळ खोल. तिथवर लेझर पुरेसं पोचत नाही. त्या एकेका खड्ड्यात तीव्र ट्रायक्लोरोअॅसिटिक अॅसिडचा थेंब टेकवतात, ते 'टीसीए क्रॉस'. बहुतेकांच्या चेहऱ्यावर तिन्ही प्रकार एकत्र असतात, त्यामुळे 'फक्त लेझरने सगळं जाईल' म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

वण फुगलेला असेल तर आणखी सावध. जखमेच्या हद्दीतच फुगलेला वण वेगळा आणि हद्द ओलांडून खेकड्याच्या नांग्यांसारखा पसरणारा केलॉइड वेगळा. केलॉइडवर नुसतं लेझर मारलं तर तो आणखी वाढू शकतो. त्याचा पाया म्हणजे वणात द्यायची ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं. काही डॉक्टर लेझरने भोकं पाडून त्यातून हेच औषध आत मुरवतात, पण तो निर्णय त्यांचा. आपली त्वचा त्या वळणाची आहे का याचा घरच्या घरी एक अंदाज घेता येतो: डाव्या दंडावरची बीसीजीची खूण आणि कान टोचल्याची जागा बघा. तिथे कातडी टणक, फुगीर झाली असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता ते आधी सांगा.

भाजल्याचे आणि अपघाताचे जुने वण ही या लेझरची मला सगळ्यांत मोलाची वाटणारी बाजू. कातडी आखडून कोपर, बोटं, मान नीट वळत नसेल, खाज आणि ओढ सतत जाणवत असेल, तर फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझरने वण मऊ पडतो, हालचाल सुधारते. मात्र सांधा फारच अडकला असेल तर आधी प्लास्टिक सर्जनला दाखवायचं. ताज्या शस्त्रक्रियेच्या किंवा टाक्यांच्या वणासाठी वर्षभर थांबा, असं पूर्वी सांगत. आता जखम भरल्यावर पहिल्या काही महिन्यांतही सौम्य लेझर सुरू करतात. तोवर सिलिकॉन जेल किंवा पट्टी, दिवसाचे निदान बारा तास, दोन-तीन महिने.

भावाचा सायलेन्सरचा वण पातळ आणि सपाट आहे, खाजत नाही, ओढत नाही. गुडघ्याखालची त्वचा चेहऱ्यापेक्षा सावकाश भरते आणि काळीही लवकर पडते. "त्रास नाही तर सोडून द्या," असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं आणि मला ते पटलं. गोव्यात ही खूण घराघरात आहे म्हणून जाता जाता सांगते: सायलेन्सर लागला की टूथपेस्ट, हळद, खोबरेल काही लावू नका. वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली पाय धरा. पुढचा वण तिथेच बराचसा टळतो.

वांग, काळी मान, पाठीवरचे पट्टे

हट्टी तक्रारींत पहिली वांग. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी ढग. वांगावर लेझर हा पहिला उपाय नाही, दुसराही नाही. उष्णतेने रंगपेशी चेवतात आणि काही आठवड्यांत वांग पूर्वीपेक्षा गडद होऊन परततं. आधी रंगीत सनस्क्रीन. त्यातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे दिसणारा उजेडही अडतो आणि वांगात तो अडवणं महत्त्वाचं असतं. सोबत डॉक्टरांनी लिहून दिलेली क्रीम. एवढ्याने भागलं नाही तरच अतिशय सौम्य लेझरचा विचार.

मान आणि काखा मखमलीसारख्या काळ्या झाल्या असतील तर आधी रक्तातली साखर आणि वजन तपासा. बहुधा शरीराला इन्सुलिन नीट वापरता येत नाही, याची ती खूण असते. पाठीवर किंवा दंडावर वाळूत उमटणाऱ्या लाटांसारखे तपकिरी पट्टे असतील, तर अंघोळीची नायलॉनची घासणी आणि अंग घासायची वज्री आधी बाजूला ठेवा. वर्षानुवर्षं घासून हे पट्टे येतात. घासणं थांबल्याशिवाय कोणतंही लेझर टिकत नाही. बाळंतपणानंतरच्या पोटावरच्या रेघा मात्र फ्रॅक्शनलने थोड्या भरतात, पांढऱ्या पडलेल्या असतील तर पोत सुधारतो पण रंग फारसा परतत नाही.

वाढत असलेलं कोड, सोरायसिस, लायकेन प्लॅनस यांत जखमेच्या जागी तोच आजार नव्याने उठू शकतो, म्हणून त्या काळात लेझर नको. ताजे मुरूम, चेहऱ्यावरचा संसर्ग, गरोदरपण, आटोक्यात नसलेला मधुमेह, यातलं काही असेल तरी थांबायचं.

दुसरी पायरी: कोणाकडे जायचं, काय विचारायचं

माझं पहिलं सत्र एप्रिलमध्ये झालं. शिगम्याच्या मिरवणुकांत आठवडाभर उन्हात फिरून चेहरा चांगलाच रापला होता. मेमध्ये चुलतबहिणीचं लग्न, त्याआधी गाल नीट करायचे होते. जिथे गेले तिथे कोणी माझं ऊन विचारलं नाही, चाचणीचा ठिपका घेतला नाही. डॉक्टर दोन मिनिटं दिसले, यंत्र दुसऱ्याच मुलीने चालवलं. तिसऱ्या आठवड्यात गालांवर तपकिरी ठिपक्यांची जाळी उमटली, अगदी चौकोन मोजता येतील अशी. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी मान वळवून उभी आहे. ती जाळी पूर्ण जायला दिवाळी उजाडली.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "कोणतं यंत्र होतं, किती ऊर्जा, किती घनता?" घनता म्हणजे ठिपके किती दाट पाडले ते. माझ्याकडे एका पावतीशिवाय काही नव्हतं. त्यामुळे त्यांना सगळं शून्यापासून सुरू करावं लागलं. तेव्हापासून प्रत्येकाला सांगते: सत्र संपलं की यंत्राचं नाव, ऊर्जा, घनता आणि किती फेऱ्या मारल्या हे कागदावर लिहून मागा. फोटो काढून ठेवा. उद्या डॉक्टर बदलले तरी हा कागद उपयोगी पडतो.

त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा असलेले आणि नोंदणी असलेले डॉक्टर हवेत. 'स्किन एक्स्पर्ट' ही पदवी नाही. निदानासाठी पैसे कमी पडत असतील तर बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचा त्वचारोग विभाग आहे. वण कोणत्या प्रकारचा हे तिथून कळलं तरी अर्धं काम झालं. भाजून आखडलेल्या वणासाठी तिथे प्लास्टिक सर्जरीचाही विभाग आहे. असा वण सौंदर्याच्या नव्हे, हालचालीच्या अडचणीखाली मोडतो. त्यामुळे गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत काही बसतं का हे खिडकीवर विचारायला लाजू नका.

समोर बसल्यावर हे विचारा. यंत्र स्वतः कोण चालवणार? आमच्या रंगाच्या त्वचेवर तुम्ही घनता किती ठेवता? कानामागे किंवा जबड्याखाली चाचणीचा ठिपका घेऊन चार-सहा आठवडे थांबाल का? काळं पडलं तर पुढे काय करणार, आणि त्याचे पैसे वेगळे का? सबसिजन किंवा क्रॉस इथेच होतं का? सहा सत्रांचं पॅकेज पहिल्याच दिवशी विकत घेऊ नका, एका सत्राचे पैसे भरा.

घनतेवर मी अडून बसते त्याला कारण आहे. त्वचेच्या सहा प्रकारांची फिट्झपॅट्रिक मोजपट्टी आहे. तीत आपण भारतीय बहुतेक चौथ्या-पाचव्या पायरीवर येतो. अशा त्वचेत काळे डाग उमटतात ते बहुधा ठिपके फार दाट पाडल्याने आणि कातडी एकूण फार तापल्याने. म्हणून आपल्याकडे ठिपके विरळ ठेवून सत्रं वाढवायची. ज्यांचा रंग खूपच गडद आहे त्यांनी सुया टोचून आत रेडिओलहरींची ऊब देणाऱ्या मायक्रोनीडलिंगचाही पर्याय विचारावा. तिथे वरच्या थराला कमी ताप बसतो, त्यामुळे रंग बिघडायचा धोका कमी.

तिसरी पायरी: कॅलेंडर

गोव्यात मुहूर्त उन्हावरून काढायचा. मी सत्रं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला घेतली. पावसाळ्यात घराबाहेर पडणं आपोआप कमी होतं, आणि दोन सत्रांत सहा-आठ आठवड्यांचं अंतर मिळतं. ढगांतूनही अतिनील किरणं येतात, म्हणून सनस्क्रीन पावसातही सुटत नाही. गणेश चवथीच्या आधीचे तीन आठवडे मोकळे ठेवले, कारण गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान गोळा करायला रानात जायचं, चुलीपुढे तासन् तास उभं राहायचं, हे ताज्या लेझरवर नको. मार्च ते मे पूर्ण टाळला. शिगम्याचा गुलाल, काजूचा मोसम, समुद्र, सगळं त्याच दिवसांत. लग्न किंवा साखरपुडा असेल तर शेवटचं सत्र निदान तीन महिने आधी संपलेलं हवं.

फेरीबोटीवर, मासळी बाजारात, शेतात, समुद्रकिनाऱ्यावरच्या शॅकमध्ये काम करणाऱ्यांना दहा दिवस सावलीतलं काम मिळवणं खरंच कठीण असतं. तसं जमत नसेल तर वरचा पापुद्रा न फोडणारं लेझर घ्या, किंवा जमेल तो मोसम येईपर्यंत थांबा. वण कुठे पळत नाही.

चार-सहा आठवडे आधी

रापलेल्या चेहऱ्यावर लेझर नको, म्हणून एक महिनाभर रोज सकाळी एसपीएफ ३० किंवा ५० सनस्क्रीन, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. प्रमाण दोन बोटांवर पूर्ण रेघ एवढं, चेहरा आणि मान मिळून. आपल्या दमट हवेत क्रीमपेक्षा जेल बरं, चिकट वाटत नाही.

रेटिनॉइडची क्रीम आणि अॅसिडचे फेसवॉश काही दिवस आधी बंद करायचे. किती दिवस ते डॉक्टर सांगतील. वॅक्सिंग, ब्लीच, थ्रेडिंग आठवडाभर नाही. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत असाल तर सांगा. पूर्वी गोळ्या थांबवून सहा महिने वाट पाहायचा नियम होता. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या त्वचाशल्यचिकित्सकांच्या संघटनेने म्हटलं, की फ्रॅक्शनल लेझरसाठी एवढं थांबायला पुरेसा आधार नाही. तरी बरेच डॉक्टर थांबतात, आणि त्यांच्याशी यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

ओठांवर कधीही 'जर' उठली असेल, म्हणजे तापानंतर येणारे बारीक फोड, तर ते आवर्जून सांगायचं. तो नागिणीच्याच नात्यातला हर्पिसचा विषाणू. लेझरच्या जखमेत तो चेहराभर पसरू शकतो. त्यावर आधीपासून गोळ्या सुरू करतात.

औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी 'गोरं करणारी' स्टेरॉइडमिश्रित क्रीम वापरत असाल तर लपवू नका. तिने कातडी पातळ होते आणि डॉक्टरांचा अंदाज चुकतो.

आणि फोटो. सकाळी आठला, सोप्यावर, उजेड बाजूने येईल असं बसून, डावा-उजवा-समोरचा. जागा आणि वेळ लिहून ठेवा. पुढचे सगळे फोटो तिथेच.

सत्राचा दिवस

चेहरा धुऊन, काहीही न लावता जा. बधिर करणारी क्रीम, बहुधा लिडोकेन आणि प्रिलोकेनची, दवाखान्यात लावून वर प्लास्टिक झाकतात आणि पाऊण ते एक तास ठेवतात. वेळ वाचवायला ती घरून थापून जाऊ नका. मोठ्या भागावर जास्त लावली तर औषध रक्तात उतरतं. तोंडाभोवती बधिरपणा, कानात गुणगुण, गरगरल्यासारखं झालं तर लगेच सांगा.

डोळ्यांवर झाकणं आलीच पाहिजेत. पापण्यांजवळ काम असेल तर डोळ्याच्या आत बसणारी धातूची. त्वचेवर स्पिरिट ओलं असताना लेझर सुरू करू देऊ नका, ते पेट घेतं. धूर ओढून घेणारी नळी चालू आहे का तेही बघा.

मग टक-टक-टक असा आवाज सुरू होतो. प्रत्येक टकीला रबर ताणून सोडल्यासारखा चटका, आणि केस जळल्याचा वास. गालावर सोसतं, वरच्या ओठावर आणि जबड्याच्या हाडावर डोळ्यांत पाणी येतं. दोन्ही गालांना वीसेक मिनिटं. संपल्यावर तिखटाचा हात लागल्यासारखी आग होते, ती दोन-तीन तास राहते. थंड हवा किंवा गार पट्टी पुरे, बर्फ थेट लावायचा नाही.

घरी परतताना हेल्मेट घालून स्कूटर चालवायचा बेत नको. त्याचे पॅड नेमके गालांवर घासतात. कोणाला तरी गाडी घेऊन बोलवा. कदंबाच्या बसने येणार असाल तर ऊन नसलेल्या बाजूची जागा आणि सुती ओढणी.

पुढचे सात दिवस

पहिल्या रात्री उशी उंच. दुसऱ्या सकाळी डोळ्यांखाली सूज दिसेल, घाबरू नका. दिवसातून तीन-चार वेळा चेहरा साध्या पाण्याने, न चोळता भिजवायचा, मऊ कापडाने टिपायचा आणि वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. आमच्यासारखं विहिरीचं पाणी वापरत असाल तर पहिले चार-पाच दिवस उकळून गार केलेलं घ्या. तिसऱ्या दिवशी गालावरून हात फिरवला तर सॅंडपेपर लागतो, जवळून पाहिलं तर तिळाहून बारीक तपकिरी ठिपके. चौथ्या-पाचव्या दिवशी ते गळायला लागतात. सकाळी माझ्या उशीच्या अभ्र्यावर कॉफीच्या चुऱ्यासारखे कण असत. ते नखाने खरवडायचा मोह अनावर होतो. एका जागी मी खरवडलं, आणि तेवढीच जागा पुढे महिनाभर काळी राहिली.

घरातली वडीलधारी माणसं प्रेमाने हळद, कोरफड, नारळाचं दूध, लिंबू घेऊन येतील. त्यांना सांगा, सात दिवस काही नाही. समुद्र, नदी, धबधबा, पोहण्याचा तलाव दोन आठवडे बंद. घाम येईल असा व्यायाम चार-पाच दिवस नको, चुलीची धगही नको. ठिपके गळून कातडी गुळगुळीत लागली, म्हणजे सहाव्या-सातव्या दिवशी, सनस्क्रीन सुरू. त्याआधी सावली आणि रुंद टोपी.

कधी फोन करायचा? आग दुसऱ्या दिवसापासून उतरायला हवी. उतरण्याऐवजी वाढली, पिवळी खपली किंवा पू दिसला, ताप आला, पाण्याच्या फोडांचे घोस उठले, किंवा खाजणारे पांढऱ्या टोकाचे बारीक पुरळ आले, तर त्याच दिवशी. आधी फोटो पाठवा, मग जा. घरातली उरलेली मलमं लावून दोन दिवस बघू, हा विचार महागात पडतो.

नंतरचे महिने

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात काळपट छटा आली तर ती बहुधा तात्पुरती असते आणि काही आठवडे ते काही महिन्यांत जाते. तेवढ्यात पुढचं सत्र घाई करून घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. ते हायड्रोक्विनोन किंवा दुसरं काही ठरावीक मुदतीसाठी देतील. मनाने वाढवायचं नाही.

खड्ड्यांसाठी साधारण तीन ते सहा सत्रं लागतात. पहिल्यानंतर आरशात फार काही दिसत नाही आणि माणूस खट्टू होतो. कोलॅजन भरायला तीन ते सहा महिने लागतात, म्हणून फोटो ठेवायचे. खड्डे निम्म्याने उथळ झाले तर काम चांगलं झालं असं समजा. पूर्ण सपाट गाल देतो म्हणणारा खोटं बोलतो.

माझं शेवटचं सत्र ऑगस्टमध्ये झालं. फेब्रुवारीत, सोप्यावर, सकाळी आठला फोटो काढला आणि पहिल्या फोटोशेजारी ठेवला. दोन्ही गालांवरचे सपाट तळाचे खड्डे बाजूच्या उजेडातही सावली टाकत नाहीत. डाव्या कानशिलाजवळचे टाचणीएवढे तीन मात्र होते तसेच आहेत. त्यांना जूनमध्ये टीसीए क्रॉस करायचं ठरलं आहे, पहिल्या पावसानंतर.